तेल-पाणी, जुन्या रस्त्याने

सोलापूर सोडताना गाडीतच आमचा वाद सुरू झाला. यांना चौपदरी रस्ता हवा होता आणि मला जुना. टोल भरायचा तो काय खड्ड्यांतून जाण्यासाठी, असं यांचं म्हणणं. माझंही म्हणणं साधंच होतं. जन्मभर मी शाळेत चित्रकला शिकवली. आता निवृत्त झाल्यावर मला हाताने रंगवलेल्या पाट्या बघायच्या होत्या. लॉजच्या, धाब्यांच्या, पंक्चरवाल्यांच्या. नवा रस्ता गावांना बगल देऊन पुढे गेला आणि जुन्याच्या कडेची रंगीत अक्षरं होती तिथेच राहिली. ती उन्हाने उडून जाण्याआधी मला त्यांचे फोटो काढायचे होते. शेवटी तडजोड झाली. येडशीपर्यंत यांचा रस्ता, तिथून येरमाळ्यापर्यंत माझा.

दिवस सर्वपित्री अमावास्येचा होता, हे घाट चढून तुळजापूर आलं तेव्हा लक्षात आलं. रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. नवरात्राच्या आदल्या दिवशी गावोगावची मंडळं इथे येतात, देवीच्या दारात ज्योत (मशाल) पेटवतात आणि आळीपाळीने पळत ती आपल्या गावी नेतात. त्या ज्योतीवर गावातला घटाचा दिवा लागतो. नियम कडक. ज्योत गाडीत घ्यायची नाही, जमिनीवर टेकवायची नाही, विझू द्यायची नाही. मागून टेम्पो येतो, त्यात तेलाचे डबे, लाऊडस्पीकर आणि दमलेले गडी. अनवाणी पळणारी ती भगव्या सदऱ्यातली पोरं बघून यांनी गाडीचा वेग आपणहून कमी केला. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. एरवी हे बैलगाडीलाही हॉर्न देतात.

धाराशिवला गुलाबजाम खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नसतं, असं यांना कुणीतरी सांगितलं होतं. मधुमेहाचं मी सांगितलं, ते यांना ऐकू आलं नाही.

येडशीच्या पुढे मोठा रस्ता सोडला आणि माझं राज्य सुरू झालं. एका बंद धाब्याच्या भिंतीवर पगडीवाला सरदारजी तंदुरी रोटी उचलून उभा होता. रोटी शाबूत होती, चेहरा पावसाने धुऊन नेला होता. पुढे ‘टायर वल्कनायझिंग’ ही अक्षरं, प्रत्येकाला पांढरी सावली घातलेली. अशी सावली घालायला हात फार स्थिर लागतो. मग एक दुमजली लॉज, दारं-खिडक्या काढून नेलेला, आणि कपाळावर अजून दिमाखात ‘ट्रकवाल्यांसाठी आंघोळीची सोय’. मी प्रत्येक ठिकाणी उतरत होते. हे गाडीतच बसून घड्याळ बघत होते.

एका वळणावर रस्ताच संपला. म्हणजे डांबर होतं, पण त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सोयाबीन पसरलेलं. वर्दळ गेल्यापासून जुना महामार्ग शेतकऱ्यांचं खळं झाला आहे. यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि नम्रपणे विचारलं, “दुसरीकडून वाट आहे का हो?”

डोक्याला टॉवेल गुंडाळलेला शेतकरी चकितच झाला. “आवो, दुसरीकडून कशाला? घाला की वरून! त्यापायीच तर टाकलंय. चाकाखाली शेंगा फुटतेत.”

आम्ही वरून गेलो. मागून हाक आली, “सायेब, एक चक्कर आनखी मारा की!” हे चक्क मागे फिरले. उलटे, मग सुलटे. दुपारभर यांच्या चेहऱ्यावर जे हसू नव्हतं ते त्या दोन फेऱ्यांत आलं.

पुढच्याच वळणाला मला हवा होता तसा लॉज दिसला. बैठा, निळ्या रंगाचा, समोर लांब ओटा, ओळीने खोल्या, आवारात लिंबाचं झाड. फक्त त्याच्या माथ्यावर पाटी नव्हती. लोखंडी चौकट रिकामी होती आणि पाटी खाली ओट्याला टेकून उभी होती. ‘समाधान लॉज व भोजनालय’. पिवळ्यावर लाल अक्षरं, एका कोपऱ्यात समई रंगवलेली. एक म्हातारे गृहस्थ ओल्या फडक्याने ती पुसत होते.

“रंगवायला उतरवली का काका?” मी विचारलं.

“रंगवाया न्हाय. हामेशा रंगवून वर चढवतो घट बसायच्या आधी. यंदा खालीच ऱ्हाईल म्हंतो.” ते फडकं पिळत म्हणाले. “पोरगं पुण्याला बोलावतंय. आता हिकडं कोण येतंय?”

आतून त्यांची बायको बाहेर आली. ठसठशीत कुंकू, अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. “कोण येतंय म्हंजे? ही दोघं आली की! बसा ताई. आमवशाचं जेवण हाय, उपाशी जाऊ नगा.”

पितरांचं जेवण होतं. कढी, भजी, गव्हाची खीर आणि येसर (भाजलेल्या धान्याची मसालेदार पूड) घातलेली झणझणीत आमटी. पानावर बसल्या बसल्या काकूंनी सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. या लॉजचा घटाचा दिवा सुरुवातीपासून त्यांच्या माहेरच्या ज्योतीवर लागतो. बीडकडे जाताना माहेरचं मंडळ इथे थांबतं, तेल घेतं, चहा पितं आणि पुढे पळतं. नवा रस्ता झाल्यावर गिऱ्हाईक आटलं, पण ज्योत कधी चुकली नाही. यंदा मात्र मागच्या फाट्यावरचा नवा पूल सुरू झाला होता. सरळ पुलावरून गेलं की हा रस्ता लागतच नाही. काका-काकूंचं ठरलं होतं. ज्योत आली तर पाटी वर जाईल. नाही आली तर दसरा झाला की कुलूप आणि पुणे.

“मग फोन करून सांगा ना त्यांना,” हे म्हणाले. यांचे सगळे प्रश्न फोनने सुटतात.

“भाच्याचा नंबर हाय माझ्याकडं,” काकू म्हणाल्या. “पर ज्योतीला काय फोन करायचा असतोय व्हय? ती आपल्या वाटंनं येती. आपुन तेल घिऊन दारात ऱ्हायचं. बोलावून आनलेल्या ज्योतीवर म्या दिवा लावनार न्हाय.”

काका खाली मान घालून जेवत होते. हा विषय या घरात बऱ्याचदा होऊन गेला असणार.

मला राहवेना. त्या रिकाम्या चौकटीकडे सारखं लक्ष जात होतं. मी विचारलं, “काकू, फाट्यावर एखादी पाटी लावली तर? ते बोलावणं होईल का?”

काकूंनी वाटी खाली ठेवली आणि विचार केला. “पाटी म्हंजे बोलावनं न्हाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “पाटी समद्यांला असती. पयली पन व्हती की फाट्यावर. पूल बांधताना मोडली.”

झालं. काकांनी गोठ्यामागून एक पत्रा काढला, लाल रंगाचा डबा आणला. ब्रश दगडासारखा झाला होता, तो रॉकेलमध्ये बुडवला. मी पदर खोचला आणि मनातल्या मनात मजकूर जुळवला. ‘देवीच्या ज्योतवाल्या भक्तांसाठी तेल, पाणी व चहाची मोफत सोय, जुन्या रस्त्याने.’ अक्षरांना पांढरी सावलीही घालणार होते.

हे मागे उभे होते. म्हणाले, “अगं, पळणारा माणूस एवढं वाचत उभा राहील का? त्याला बाण दाखव.”

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात चित्रकलेत यांनी मला पहिल्यांदाच शिकवलं आणि ते बरोबर निघालं, याचा मला राग आला. मी एक मोठी ज्योत काढली, खाली बाण, आणि फक्त ‘तेल-पाणी, जुन्या रस्त्याने’. आम्ही दोघांनी पत्रा गाडीत घालून फाट्यावर नेला आणि दगडांच्या आधाराने उभा केला. रंग ओलाच होता. माझ्या साडीला लागला तो अजून आहे.

पत्र्याचे दगड पक्के करत होतो, तेवढ्यात पुलावरून लाऊडस्पीकरवरचा बँजो ऐकू आला. वर भगवे सदरे पळत होते, मागे टेम्पो. टेम्पोच्या कापडी फलकावर काकूंच्या माहेरच्या गावाचं नाव होतं. यांनी दोन्ही हात वर करून आरोळ्या मारल्या. पण ते पुलावर चढून गेले होते आणि आम्ही खाली होतो. आमच्या पाटीला उशीर झाला होता.

परत येताना गाडीत दोघांपुढे एकच प्रश्न होता. सांगायचं कसं? पण सांगायची वेळच आली नाही. काकू ओट्यावर उभ्या होत्या, हातात तेलाची बरणी. “गेली ना वरून?” त्या म्हणाल्या. “आमच्या गावचा बँजो हितवर ऐकू येतोय.” आणि त्या आत गेल्या. काकांनी पाटीवर गोणपाट टाकलं. मला फार वाईट वाटलं. परक्या घरात आपण आलो आणि आशा लावून ठेवली, असं वाटत राहिलं. त्या दिवशी येरमाळ्याला जायचं आम्ही रद्द केलं. इतक्यात उठून निघणं बरं दिसलं नसतं.

दिवस मावळायला आला होता. काका आमच्यासाठी खोली झाडत होते, तेव्हा रस्त्यावर पावलांचा आवाज आला. चौघं-पाचजण पळत आले, घामाने निथळत. पुढच्याच्या हातात ज्योत होती. जेमतेम करंगळीएवढी आग उरलेली.

“तेल हाय म्हून पाटी हाय फाट्यावर,” तो धापा टाकत म्हणाला. “आमचा टेम्पो पंचर होऊन मागं ऱ्हायला. लवकर बघा, इझायला आलीय!”

काकू बरणी घेऊन धावल्या. त्यांनी ज्योतीवर धार धरली. आग एकदा दबली आणि मग भडकून वर आली. पोरांनी “आई राजा उदो उदो” केलं. काका खोलीतून झाडू घेऊन तसेच बाहेर आले होते, त्यांनीही झाडूसकट हात जोडले.

“कुठलं गाव रं तुमचं?” काकूंनी विचारलं.

“लई लांब हाय, आई. गोदावरीच्या कडंला.”

काकूंनी बरणीचं झाकण लावलं. मग आत जाऊन समई घेऊन आल्या. त्यांनी वात पुढे केली. समई लागली. पोरांनी ओट्यावर बसून चहा घेतला. ज्योत मात्र एकजण उभ्यानेच धरून होता, दुसऱ्याचा चहा होईपर्यंत. मागून टेम्पो आला आणि ते निघून गेले.

काका हळूच म्हणाले, “आपलं ठरल्यालं काय? तुझ्या माह्यारची तर वरून गेली.”

“ठरल्यालं काय? ज्योत आली तर,” काकू म्हणाल्या. “आली का न्हाय?”

“आली, पर...”

“तुळजापूरचीच हाय ना? मग पर काय? शिडी आना.”

आम्ही चौघांनी मिळून पाटी चढवली. हे शिडीवर, काका चौकटीला, मी खालून “डावीकडे, अजून डावीकडे”. तरी ती जराशी तिरपी बसली.

सकाळी घट बसले. निघताना काकूंच्या भाच्याचा फोन आला होता. पूल दिसला आन् चढलो, आत्या, चुकलं, असं म्हणत होता. “म्या म्हनलं, दिवा लागलाय माझा,” काकू हसून सांगत होत्या. “कुनाच्या ज्योतीवर ते न्हाय सांगितलं. कळू दे हळूहळू.”

आम्ही सोलापूरकडे परतलो. वाटेत तोच सोयाबीनवाला भेटला आणि यांनी न सांगता दोन फेऱ्या मारल्या. मी विचार करत होते. इतके दिवस मी पाट्यांकडे फोटो काढायच्या वस्तू म्हणून बघत आले होते; अक्षर, रंग, सावली. पण पाटी म्हणजे आम्ही इथे आहोत, या, एवढंच सांगणं. कोण येईल ते पाटीने ठरवायचं नसतं. काकूंना ते माझ्याआधी ठाऊक होतं, आणि तरीही माहेरचा बँजो वरून गेला तेव्हा त्या आत जाऊन रडल्या असणार, हेही मला ठाऊक आहे.

फाट्यावर पत्रा उभा होता. आता रंग वाळला होता. निघताना काकूंनी माझ्या ओटीत नारळ घातला आणि सांगितलं होतं, “बाई, पाटी चांगली झाली. पर फुडल्या साली बाण मोठा काढा. पूल चढायच्या आधी दिसला पायजे.”