बिनपासाची बदली

खिडकीपलीकडच्या बाईंनी स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "यांचे दिवस भरत नाहीत."

माझी धाकटी जाऊ तेव्हा सातव्या महिन्यात होती. एक हात कमरेवर, दुसऱ्यात फाइल. कामगार विम्याच्या ऑफिसात आम्ही दोघी सकाळपासून बाकावर बसलो होतो. बाळंतपणाची भरपगारी रजा विम्यातून मिळते, पण त्याआधी ठरावीक दिवस तुमच्या नावावर पगार लागलेला असावा लागतो. तिच्या समजुतीप्रमाणे ते दिवस कधीच भरून वर उरले होते.

"मॅडम, नीट बघा ना. गेल्या गुढीपाडव्यापासून नाव आहे माझं. एक खाडा नाही."

"इथे दिवाळीनंतर लागलंय. त्याच्या आधीचा पगारच दाखवलेला नाही. तुमच्या एजन्सीला विचारा. चला, पुढचे या."

जिन्यात ती कठड्याला धरून थांबली. "बघितलंत ना ताई? खाल्ले त्याने. आपल्याकडनं कापायचं आणि भरायचं नाही."

त्याने म्हणजे आमच्या सुपरवायझरने. मी म्हणाले, "हो ना. तोंडावरनंच दिसतो तो."

हे वाक्य मी किती सहज बोलले, ते मला आजही ऐकू येतं. कारण ते दिवस कुठे गेले होते हे मला पक्कं ठाऊक होतं. ते माझ्या नावावर होते.

आधीचं सांगायला हवं. यांच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा मशीनवर जाणं सुरू झालं, तेव्हा मी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत हाऊसकीपिंगला होते. यांचा सगळा उपचार माझ्या विम्याच्या कार्डावर चालायचा. मी कामावर गेले नाही, तर कार्ड बंद. कामावर गेले, तर यांना दवाखान्यात न्यायचं कोणी? भावजींची, म्हणजे धाकट्या दिरांची, तेव्हा दिवसभर गाडीवर ड्युटी असायची. जाऊ लग्न होऊन मालवणकडून नुकतीच आली होती, घरात बसून कंटाळली होती. शिमग्याच्या सुमारास मीच तिला म्हटलं, "काय गो, जातेस माझ्या जागी? दोन-तीन आठवडे."

आमच्या घरात हे नवं नव्हतं. सासरे गिरणीत कित्येक वर्षं बदली होते. कुणी गावाला गेला, कुणी आजारी पडला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, ते उभे राहायचे. सुपरवायझरलाही विशेष वाटलं नाही. "मावशी, मास्क, टोपी, युनिफॉर्म, कोण कुणाला ओळखतंय? मस्टरवर तुमचं नाव चालू ठेवतो. पण माझ्या गळ्याशी येऊ देऊ नका." त्याने माझ्यावर उपकारच केला होता. त्याच्या तोंडावर काय दिसायचं ते मला नीट माहीत होतं.

पगार माझ्या खात्यात यायचा. तो मी तसाच्या तसा तिच्या हातात ठेवायचे. पैसे मी खाल्ले नाहीत, हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय.

आठवड्याभरातच तिने विचारलं, "ताई, आता माझं नाव लावतील का?" काम तिला आवडलं होतं. मी म्हटलं, सांगते. मी कुणालाच काही सांगितलं नाही. तिचं वेगळं नाव लागलं असतं तर माझं निघालं असतं, माझे दिवस तुटले असते, आणि यांचं मशीन. पाडव्याला तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं, "लागलं गो तुझं नाव. तुझ्या बँकेत माहेरचं नाव आहे ना, ते बदलेपर्यंत पगार माझ्याच खात्यात येईल. कार्डाला वेळ लागतो." तिने देवापुढे साखर ठेवली. मीही त्यातली थोडी तोंडात टाकली.

दिवाळीपर्यंत तसंच चाललं. मग भावजींनी ड्युटी बदलून घेतली, यांना सकाळी सोडण्याचं त्यांनी अंगावर घेतलं, मी दुपारपाळीला परत रुजू झाले. तेव्हा कुठे जावेचं नाव खरोखर लागलं. तिला कार्ड मिळालं, ती खूश झाली. मी सुटले असं मला वाटलं. तिला तेव्हा दिवस गेलेले होते, हे मला ठाऊक होतं. पुढे काय होणार, हेही मला कळायला हवं होतं. कळतच होतं. मी तिकडे पाहिलं नाही.

विम्याच्या ऑफिसातून आल्यावर मात्र घरातली प्रत्येक गोष्ट माझ्याकडे बघायला लागली.

जावेने इमारतीत सुपरवायझरचं नाव खराब करून टाकलं. सकाळच्या बायका त्याला तोंडावर बोलायला लागल्या. "साहेब, आमचे दिवस तरी ठेवलेत का, की तेही गिळलेत?" एकीने त्याचा चहा घ्यायचं बंद केलं. एका दुपारी त्याने मला मालाच्या लिफ्टपाशी गाठलं.

"मावशी, हे काय चाललंय? तुम्ही सांगा ना तिला."

"सांगते."

"कधी? मी बोललो तर तुमचंच बाहेर येईल. आणि माझी नोकरी." तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला अडकवणार असा त्याला संशय आला होता. आणि खरं सांगायचं तर मी अडकवलंच होतं.

मला वेगळाच संशय होता. जावेला कळलंय. एकदा भांडी घासताना ती सहज म्हणाली, "ताई, तुमचे दिवस कधी तुटले नाहीत ना? भावजींच्या एवढ्या आजारपणात?" मी म्हटलं, "नाही, सांभाळून घेतलं त्यांनी." ती "बरं" म्हणाली. त्या बरंवर मी दोन दिवस घालवले. नंतर मी शेजारच्या तिच्या खोलीत पाठवलेलं बांगड्याचं तिखलं तिने वाटीसकट परत केलं. उलटी होते म्हणाली. मी वाटी नाकाशी नेऊन हुंगली. वास चांगलाच होता. पोटुशी बाईला मासा सोसत नाही हे मला का ठाऊक नव्हतं? पण मला त्यात उलटी दिसेना, दुसरंच काहीतरी दिसे. ती फोनवर हळू बोलली की मी नळ बंद करून ऐकायची. ती माझ्याकडे बघून हसली, तर आज का हसली म्हणून विचार करायची.

एका रविवारी तिने मला बोलावलं. माझी जुनी, मऊ झालेली सुती साडी मी तिला लंगोटांसाठी दिली होती, ती फाडत बसली होती. पुढ्यात लिहिलेला एक कागद होता.

"तक्रार करायचीय त्याची. भावजींकडनं लिहून घेतली," ती म्हणाली. माझ्या नवऱ्याकडून. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. "साक्षीला तुमची सही पाहिजे. तुम्ही तिथल्या जुन्या. आणि तुम्हीच म्हणालात ना, तोंडावरनंच दिसतो म्हणून."

तिने पेन पुढे केलं. मी पेन घेतलंही.

सही केली असती तर त्या माणसाची नोकरी गेली असती. पण मी त्याच्यासाठी बोलले, असं म्हणणार नाही. चौकशी आली तर सगळंच बाहेर येणार होतं, ती भीतीही होती. या दोन्हींतलं काय जास्त होतं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मी पेन खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. पाडव्याला नाव लागलंच नव्हतं. त्या साखरेसकट सांगितलं.

ती साडी फाडायची थांबली नाही. एक पट्टा सरळ शेवटपर्यंत नेला, घडी केली, बाजूला ठेवला.

"आजोबांची गोष्ट तुम्हीच सांगितलेली ना मला?" सासऱ्यांना ती आजोबा म्हणायची, तिने त्यांना पाहिलेलं नव्हतं. "बदलीला गिरणीत पास असायचा म्हणून. स्वतःच्या नावाचा."

"हो."

"मला तोही नाही दिलात."

तिने पुढचा पट्टा फाडायला घेतला.

"भावजींचं मशीन थांबलं असतं का?"

"थांबलं असतं."

"मग मला तेवढंच सांगायचं ना ताई. मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. सुचलंच नाही, म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हो. वाटलं."

तिने मान हलवली. त्या सगळ्या महिन्यांत ती काय करेल, तिला काय कळलंय, ती कुणाला सांगेल, हाच विचार मी करत होते. तिच्यावर संशय घ्यायला मी शिमग्यापासूनच सुरुवात केली होती. तिने माझ्यावर त्या रविवारी केली.

तक्रारीचा कागद तिने फाडला. विम्याच्या ऑफिसात जाऊन खरं सांगू या, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "आणि मग भावजींच्या सगळ्या उपचारांचं काय? राहू दे." सोमवारी मी सकाळपाळीच्या वेळेला इमारतीत गेले आणि बायकांना सांगितलं, की सुपरवायझरने काही खाल्लेलं नाही, चूक आमच्या घरातली आहे. एक जण म्हणाली, "घरातली म्हणजे कोणाची?" मी म्हटलं, "माझी." सुपरवायझर तेव्हापासून मला मावशी म्हणत नाही. नुसतं अहो म्हणतो.

रजा तिला मिळाली नाही. मुलगी झाली. सव्वा महिना घरात काढला आणि ती सकाळपाळीला परत गेली. बाळ माझ्याकडे. दुपारी तिची पाळी सुटायची, माझी लागायची, तेव्हा मी बाळाला घेऊन इमारतीच्या मागच्या गेटवर जायची. ती बाहेर यायची, मी तिच्या हातात मूल द्यायची आणि आत जायची.

सकाळी जाताना ती दूध काढून बाटलीत ठेवते. दूध जिथवर भरलंय तिथे बाटलीवर पेनाने एक रेघ मारते. पहिल्या दिवशी गेटवर तिने पिशवीतून बाटली काढली, उन्हात धरली, किती उरलंय ते बघितलं. मी म्हटलं, "सगळं नाही प्यायली आज." तिने बाटली परत पिशवीत ठेवली. माझ्या सांगण्यावर ती आता कुठलीच गोष्ट मानत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मध्यंतरी एजन्सी बदलली. आता चेहरा दाखवून हजेरी लागते, कुणाला कुणाच्या जागी उभं राहता येत नाही. त्या हजेरीच्या मशीनसमोर रोज माझाच चेहरा मला दिसतो, म्हणूनही असेल, हे लिहून काढावंसं वाटलं. लिहितेय हे जावेला सांगितलं. "आधी मला दाखवा," ती म्हणाली. दाखवणार आहे.

बाळ आता मोठं होतंय, वरचंही खातं. पण बाटली चालू आहे, आणि रेघही. घरी नळ असतो, वेळ असतो, तरी मी ती बाटली धूत नाही. उरलेल्या दुधासकट तशीच पिशवीत घालून गेटवर नेते.