चुडा फोडला म्हणून हात राहिला

"बांगड्या आत्ता काढा, नाही तर बोटं जातील," सर्जन म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगाला हळद लागलेली असताना मी हे ऐकलं. निदान होतं सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखाली पसरत जाणारा जंतुसंसर्ग. हात दंडापासून बोटांपर्यंत फुगून लालभडक झाला होता. हिरव्या चुड्यानं मनगट आवळून रक्त अडवलं होतं. बोटं जांभळी पडली होती.

आठ दिवसांआधी शंकर नगरातल्या एका ब्युटी क्लिनिकमध्ये मी दंडाची चरबी घालवायची इंजेक्शनं घेतली होती. डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड, म्हणजे चरबीच्या पेशी फोडणारं औषध. ते हनुवटीखालच्या थोड्याशा चरबीसाठी असतं, दंडासाठी नाही, हे मला नंतर कळलं. पांढरा कोट घालून टोचणारी बाई डॉक्टर नव्हती, हेही नंतरच. सदर बाजारात गळा फाडून हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटणारी मी! लग्नाच्या ब्लाउजची बाही नीट बसावी म्हणून मुकाट दंड पुढे केला.

मग सूज, आग, ताप. क्लिनिकला फोन केला तर ती बाई म्हणे, "दीदी, सूजन तो नॉर्मल है, चर्बी पिघल रही है." चरबी नाही, मी सडत होते.

हळदीच्या सकाळी चुडा भरताना कासारीण थबकली. "पोरीचा हात इतका गरम काहून?"

"लगीनघाईचा ताप हाय, भर तू," आई म्हणाली. कासारणीनं दाबून दाबून भरला.

दुपारी बोटं जांभळी पडली तेव्हा कुठं दवाखाना गाठला. तिथं सिस्टर बांगड्या फोडायला आली तर आई आडवी. "लग्नाआधी चुडा फोडत नाही! दुसरं औषध द्या नं!"

"औषध रक्तातून जातं, आई. इथं रक्तच जाऊन नाही राहिलं," मी म्हटलं.

आई हलेना. मी हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर आदळला. परत आदळला. काच मनगटात घुसली, चादर लाल झाली. आई किंचाळली. मी त्याहून मोठ्यानं ओरडले, "रडू नको, धर हात!"

तिनं धरला. उरलेल्या तीन बांगड्या तिनंच पदरात दाबून फोडल्या.

संध्याकाळी डिब्राइडमेंट झालं, म्हणजे दंड चिरून पू आणि मेलेलं मांस खरवडून काढलं. लग्नाचा मुहूर्त दवाखान्यातच टळला. रोज ड्रेसिंगच्या वेळी मी शिव्या द्यायची. सिस्टर म्हणायची, "दे लो दीदी, पर हाथ मत हिलाओ." तिचे आणि सर्जनचे उपकार मी विसरणार नाही.

आईला मी खुळी म्हणत आले. ती बांगडीला घाबरली, मी पांढऱ्या कोटाला भुलले. माझा खुळेपणा जास्त महाग पडत होता. बायांनो, सुई कोणाच्या हातात आहे ते आधी विचारा. अंग सुजलं तर फोनवर भरवसा ठेवू नका, दवाखाना गाठा.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी शेजारच्या खाटेवर नवी सून होती, सलाइननं हात सुजलेला. आईनं तिचं मनगट पकडलं. "काढ ते कडं."

"सुहागाचं आहे ते," तिची सासू भडकली.

"हाताचं काय मग?" आई म्हणाली आणि कडं सरकवायला सिस्टरकडे साबण मागितला.