देवराव सरांचा ‘होऽऽ’

राळेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरलं, की शाळेकडून एक गर्जना यायची, “होऽऽ!” नवखा माणूस दचकायचा. गावातला म्हणायचा, “काही नाही बावा, देवराव सरांनी गणित शिकवलं.”

देवराव भोयर सहावीला गणित शिकवत. फळ्यावर उदाहरण सोडवायचं, हातावरचा खडू झटकायचा, वळायचं आणि विचारायचं, “समजलं का?” की सारे पोट्टे एका सुरात, “होऽऽ सऽर!” या ‘हो’वर सरांचा जीव. एखाद्या दिवशी तो बारीक निघाला तर ते म्हणत, “आवाज नाही आला!” मग असा ‘हो’ निघे, की पत्र्यावरची कबुतरं उडत. कबुतरं उडाली म्हणजे गणित समजलं. पेपरात मात्र निम्मा वर्ग गारद. “समजते सबन,” सर म्हणत, “पण पोट्ट्यांच्या ध्यानात राह्यत नाही.” आता यावर कोणी काय बोलावं!

यंदा जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचं नाव वर गेलं होतं. निवृत्ती जवळ आलेली. गळ्यात हार पडला होता तो एकदाच, लग्नात. निवृत्त होण्याआधी दुसरा पडावा, असं त्यांना फार फार वाटायचं, आणि त्यात लाजायचं काय? बायको मथुराबाईंनी तर समारंभाला नेसायच्या साडीवरचं ब्लाऊजसुद्धा शिवायला टाकलं होतं.

अशात नागपूरहून डॉ. दिपाली मॅडम आल्या. मुलं शिकतात कशी, यावर त्यांचं संशोधन. तालुक्यातल्या शिक्षकांना एका सभागृहात बसवून त्यांनी ‘अधिबोध’ नावाची गोष्ट सांगितली. आपल्याला काय समजलंय आणि काय नाही, हे ज्या मुलाला कळतं तेच मूल शिकतं, बाकीची नुसती बसतात. गोष्ट लाखमोलाची होती. पण ती सांगायला मॅडमना अख्खी दुपार लागली आणि चहा येईस्तोवर निम्मे शिक्षक पेंगले होते. शेवटी त्यांनी विचारलं, “समजलं ना सगळ्यांना?”

“होऽऽ मॅडम!” सभागृह म्हणालं. सर्वांत मोठा आवाज देवराव सरांचा होता.

प्रयोगासाठी मॅडमनी सरांचाच वर्ग निवडला. मुलांना सांगितलं, “समजलं नसेल तर बिनधास्त नाही म्हणायचं. नाही म्हणणारं मूल हुशार असतं.” पोरांना तेवढंच हवं होतं! दुसऱ्याच दिवशी सरांनी खडू झटकून विचारलं, “समजलं का?”

“नाऽऽई सऽर!”

तोच सूर, तीच कबुतरं. सरांना भर वर्गात कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पण मॅडम हरखल्या. मुलांचा अधिबोध चौपट वाढला, असं त्यांनी अहवालात लिहूनही टाकलं. केंद्रप्रमुख पूनमसिंग राठोड म्हणजे सरांचे वरचे साहेब, पक्के व्यवहारी. ते सरांना बाजूला घेऊन म्हणाले, “पुरस्काराची समिती येऊन राह्यली. हाच वर्ग दाखवू. फक्त ‘नाई’ जरा जोरात येऊ द्या.” झालं! सर त्याचीही तालीम घेऊ लागले. “आवाज नाही आला!”

समिती आली. खुर्च्यांवर बसली. मॅडमही आल्या. सरांनी फळ्यावर ‘चार भागिले एक छेद दोन’ मांडलं. “भागाकार असला का दुसरा अपूर्णांक उलटा करायचा अन् गुणायचं. उत्तर आठ. समजलं का?”

“नाऽऽई सऽर!”

समितीनं माना डोलावल्या. इथंच संपायचं होतं सारं. पण दुसऱ्या रांगेतली अपेक्षा उभी राहिली. “सर, मले खरंच नाही समजलं. उलटा काहून करायचा?”

सरांनी तोंड उघडलं. ‘नियम हाय’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आजवर भागतच आलं होतं. पण त्यांना त्यांचे गुरुजी आठवले. त्यांनीही असाच उलटा केला होता, आणि पहिल्या बाकावरच्या देवरावनं घसा फाडून ‘हो’ म्हटलं होतं. तेव्हा समजलं नव्हतं. अजूनही समजलेलं नव्हतं. 

“मॅडम,” ते वळून म्हणाले, “तुमी सांगता का?”

मॅडमनी फळ्यावरचं उदाहरण पुन्हा एकदा वाचलं. मग त्या म्हणाल्या, “वा! प्रश्न किती सुंदर आहे!”

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. उत्तरापेक्षा प्रश्न मोठा असतो, असं समितीतले एक जण बोलले. बाहेर आलूबोंडे थंड होत होते. पूनमसिंगांनी घड्याळ पाहिलं. “चला, समजलं ना सगळ्यांले?”

“हो, हो,” समिती उठत म्हणाली.

“मले नाही समजलं,” देवराव सर म्हणाले.

पूनमसिंग त्यांच्या कानाशी आले. “अहो सर, तुमाले नोहोतं म्हणा लागत! पोट्ट्यायले म्हणा लागत होतं!”

पुरस्कार मारेगावकडच्या एका सरांना गेला. त्यांचा वर्ग एका सुरात ‘थोडं थोडं समजलंऽऽ’ म्हणाला होता. समितीला ते जास्त संतुलित वाटलं.

“जिंदगीभर लेकरांकून हो वदवलं,” मथुराबाई ताट वाढता वाढता कडाडल्या, “अन् एक दिवस तुमच्यानं तोंड नाही मिटवलं?” ब्लाऊज शिवून आलं होतं, ते त्यांनी पिशवीसकट कपाटात कोंबलं. सरांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ते ताटातली भाकर मोडत बसले. अर्धी केली, पुन्हा जोडली, पुन्हा मोडली.

“खा ना, खेळून काय राह्यले?”

“थांब. उद्या मले चार भाकरी बांधून दे.”

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी फडकं सोडलं. पोरं खिदळली. सरांनी एक भाकर मोडून दाखवली. “हे पाहा. एकीच्या दोन अर्ध्या. मंग चारीच्या आठ. म्हणून दोननं गुणलं. आलं ध्यानात?” सर आनंदानं लाल झाले होते. इतक्या वर्षांनी!

अपेक्षाच्या कपाळाची आठी तशीच. “सर, अन् दोन छेद तीन असलं तं?”

सर अडकले. एक भाकर हातात घेऊन तशीच ठेवली. मग अपेक्षाच पुढं आली. तिनं भाकरीचे सारखे तीन तुकडे केले. “एकीचे तीन तुकडे. चारीचे बारा. पण वाटा दोन तुकड्यांचा हाय, म्हणून दोन-दोन उचलले. सहा वाटे झाले. म्हणजे तीननं गुणलं अन् दोननं भागलं.” ती थबकली, तिला स्वतःलाच ते आत्ता दिसलं. “उलटंच झालं न थे, सर?”

तिनं हाताला लागलेलं पीठ झटकलं, वळली आणि हुबेहूब त्यांच्याच सुरात विचारलं, “समजलं का, सर?”

 सरांच्या घशाशी जुना, सवयीचा ‘हो’ आला, पार ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला.

“अर्धं समजलं,” देवराव सर म्हणाले आणि पहिल्या बाकावर पोरांच्या शेजारी जाऊन बसले. “पुन्हा एकदा सांग बाई. सावकाश.”