कागदाचा कम्प्युटर आणि माझी पर्ची

चहा घ्या, पण कप खाली ठेवून ऐका हं. हा किस्सा ऐकताना आमच्या ह्यांनी एकदा अख्खा शर्ट भिजवलाय. घोळ कोणी घातला? अहो, मीच! दुसरं कोण आहे मोहल्ल्यात एवढं फुरसतीचं?

समोरच्या पोतनिसांची मुक्ता पुण्याहून वर्षभराचा कोर्स करून आली होती. नाव मोठं इंग्रजी, युजर एक्स्पीरियन्स डिझाइन. म्हणजे मशीन माणसाला सोपं कसं करायचं ते. तेव्हा उज्जैनमध्ये गल्लोगल्ली कम्प्युटरचे क्लास निघालेले, पण हे असलं काही कोणी ऐकलंच नव्हतं. तिच्या बाबांनी तर बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलेला.

"सोमवारी इंदूरला इंटरव्ह्यू आहे ना? झालं काम तर ठीक. नाहीतर मंगळवारी या फॉर्मवर सही," एवढंच म्हणाले. बँकेतला माणूस, बोलला म्हणजे पक्कं.

शुक्रवारी दुपारी मी वाटीभर दहीवडे घेऊन गेले. दहीवडे निमित्त हो, बघायचं होतं काय चाललंय! मुक्ता बायोडेटाची झेरॉक्स काढायला टावर चौकात गेलेली. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बसा काकू. उद्या मोहल्ल्यातल्या पाच जणांची टेस्ट घेणार आहे ती. नोकरीचं सगळं त्यावरच आहे म्हणे."

टेबलावर पुठ्ठ्याचे पत्ते मांडलेले. यात्रेकरूंना धर्मशाळेत खोली मिळवून देणारं मशीन बनणार होतं, त्याची ही चित्रं. इंदूरच्या कंपनीनेच दिलेली. माणसाने चित्रावर बोट ठेवायचं, मुक्ताने पुढचा पत्ता मांडायचा. कागदाचा कम्प्युटर! शेजारीच कशावर बोट ठेवलं की कोणता पत्ता येतो, त्या बरोबर क्रमाचा कागद पडलेला.

मी आठवीपर्यंत शिकलेली. टेस्ट म्हटलं की मला आमच्या शाळेतले इन्स्पेक्टरसाहेबच दिसतात. ते यायच्या आदल्या दिवशी बाई आमच्याकडून उत्तरं घोकून घ्यायच्या. पोरं चुकली की नाक बाईंचं कापलं जायचं!

म्हणजे उद्या पाच जण चुकले, तर नाक कोणाचं जाणार? मुक्ताचं! मग काकू कशाला आहे?

मी बसून मशीन चालवलं. तीनदा हिरवा चौकोन दाबला आणि त्या कागदाप्रमाणे तीनदा लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. मग पत्त्यांची चित्रं कागदावर उतरवून घेतली आणि क्रम बघून पर्ची लिहिली: 'हिरवा दाबू नका, पुढे जायचा वाटतो पण पुसायचा आहे. पुढे जायचं बटण खाली कोपऱ्यात आहे, नीट बघा. आधी जायची तारीख विचारतात, घाबरू नका, यायची नंतर येते.'

संध्याकाळपर्यंत किराणावाले सेठजी, रामघाटावरचे पंडितजी, आमचे हे, सगळे तयार! उद्या पाचांत कोण बसेल काय ठाऊक, म्हणून मी चौदा जण पढवले, आधी माझ्या चित्रांवर बोट ठेवायला लावून, मग हातात पर्ची देऊन.

शनिवारी पोतनिसांच्या ओसरीवर टेस्ट. बाबा पेपर वाचत, आणि पेपराखाली तो फॉर्म. मला आपला दिसत होता!

"सेठजी, मन में जो आए बोलते जाइए," मुक्ता म्हणाली.

"बेटा, मन में तो कुछ नहीं आ रहा, याद सब है," म्हणत सेठजींनी अर्ध्या मिनिटात खोली मिळवली. मी मनात टाळी वाजवली.

मग आणखी दोघं तसेच पार पडले. मुक्ताचा चेहरा उतरायला लागला. मला वाटलं, आनंदाने भरून आलंय.

पंडितजी बसले, डोळे मिटले. "पहले हरा नहीं, फिर नीचे कोना, फिर जाने की तारीख, घबराना नहीं है..."

"पंडितजी, अभी तो मैंने पहला पन्ना भी नहीं रखा!"

आमच्या ह्यांनी तर चष्माच आणला नव्हता. पत्ता न बघताच बरोबर कोपऱ्यात बोट ठेवलं आणि ऐटीत माझ्याकडे बघितलं!

मुक्ता मटकन बसली. "आई, कोणीच अडखळलं नाही गं. माणसं कुठे अडतात तेच शोधून आणायला सांगितलंय. आता काय सांगू मी तिथे?"

काय? अडायला हवं होतं?

"दुसरे पाच बोलाव," तिची आई म्हणाली.

दुसरे कुठून येणार? चौदाच्या चौदा पढवलेले! बाबांनी पेपराची घडी घातली आणि खिशातून पेन काढलं. ते टोपण उघडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो हो.

"मुक्ता," मी पुढे सरकले, "मारायचं तर मार मला. मी सगळ्यांना पर्ची दिली."

पंडितजींनी हळूच आपली पर्ची उपरण्यात सरकवली. मुक्ताने हात पुढे केला, "बघू."

तिने पर्ची एकदा वाचली. पुन्हा वाचली. "काकू, लोक हिरवा दाबतील हे तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, मीच दाबला ना! तीनदा! सेठजींनी दोनदा. पंडितजींना कोपऱ्यातलं बटण दिसेचना, म्हणाले ये तो छुपा बैठा है. आणि आमचे हे तारखेवर असे चिडले, म्हणाले अजून आलो नाही तर घालवताय कशाला!"

"थांबा, थांबा!" मुक्ताने वही ओढली. "सगळं सांगा. चौदा जणांचं. कोण काय म्हणालं, शब्द न् शब्द."

आता कोण काय म्हणालं, हे विचारायचं तर मोहल्ल्यात माझ्याशिवाय कोणाला? मी दोन तास बोलत होते. बाबांनी पेनचं टोपण लावलं, पण पेन खिशात घातलं नाही.

सोमवारी ती माझी चुरगळलेली पर्ची घेऊन गेली. मी सकाळपासून दाराबाहेरच्या ओट्यावर. दोन वेळा भाजी करपवली. पाचच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी मुक्ता दिसली. चालत नव्हती, पळत होती!

"काकू, लागली नोकरी! साहेबांनी पर्ची सगळ्यांना वाचून दाखवली. तुमचं नाव ऑफिसभर झालंय!"

झालं! मी घरोघरी पेढे वाटले. बाबांच्या हातावर दोन ठेवले. इंदूरच्या कम्प्युटर कंपनीत आठवी शिकलेल्या बाईचं नाव, काय थट्टा आहे?

महिन्याने मुक्ता घरी आली, तेव्हा मी मुद्दाम चार बायकांसमोर विचारलं, "काय गं, घेतात का अजून माझं नाव?"

"रोज! एखादं मशीन अवघड झालं की साहेब म्हणतात, यह तो दो काकू का काम है. फारच अवघड असलं तर पाच काकू."

"आणि चांगलं झालं की?"

मुक्ताने जीभ चावली. आमचे हे आतून ओरडले, "चांगलं म्हणजे जिथे काकूची गरजच नाही! तुझं नाव अवघडाला, आणि त्याचेच पेढे वाटलेस तू!"