फटींतली घाण

साहेबांनी ते तारेच्या टोकावर उचललं आणि माझ्या तोंडासमोर धरलं.

सॅनिटरी पॅडचा तुकडा होता. वाळून कडक झालेला, काळपट, केसांचा गुंता चिकटलेला. पेपर मिलमधून दुरुस्तीला आलेल्या बास्केटच्या आत अडकला होता.

"बघ, ओळखीचं वाटतंय का," साहेब म्हणाले.

शेजारी त्या मिलचे मॅनेजर उभे होते. ते हसले. लेथवरचे दोघे हसले. वेल्डिंगच्या पडद्यामागून कुणीतरी शिट्टी मारली. माझेही ओठ ताणले गेले. ते हसू नव्हतं. सगळे हसत असताना आपल्याला रडू येऊ नये, एवढीच ती धडपड होती. साहेबांनी तार झटकली. तुकडा माझ्या मांडीवर पडला. साहेब मॅनेजरांना घेऊन नवीन मशीन दाखवायला गेले.

मी तो तुकडा उचलला. बादलीत टाकला. ब्रश पुन्हा हातात घेतला.

त्या दिवशी एवढंच झालं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. रात्री जेवताना मात्र भाकरीचा वास घेतला आणि ताट सरकवलं.

काम काय होतं ते सांगते. तुम्ही रद्दी विकता, पुठ्ठे विकता. ते सगळं मिलमध्ये पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात. पण रद्दीत नुसता कागद कुठे असतो? पिना असतात, प्लॅस्टिक, दोरे, केस, दवाखान्यातला कापूस, लोकांनी कागदात गुंडाळून फेकलेलं काहीही. हे सगळं कागदात जाऊ नये म्हणून लगदा एका मशीनमधून जातो. त्या मशीनला स्क्रीन म्हणतात. तिच्या आत स्टीलच्या बारीक पट्ट्यांचं मोठं नळकांडं बसवलेलं असतं, त्याला आम्ही बास्केट म्हणायचो. पट्ट्यांमधल्या फटी इतक्या बारीक की नख जात नाही. लगदा त्यातून पलीकडे जातो. घाण आत राहते.

या पट्ट्या झिजल्या, तुटल्या की बास्केट आमच्या साहेबांच्या चिखलीच्या शॉपमध्ये यायचं. पट्टी बदलायची, रिंगा वेल्ड करायच्या, परत पाठवायचं. पण वेल्डिंगच्या आधी ते साफ करावं लागतं. मिलमधून निघताना नुसतं पाणी मारतात. आमच्याकडे येईपर्यंत आतलं सगळं वाळून दगडासारखं होतं. वरून धुतलं तरी फटींतलं निघत नाही. मग आत डोकं घालून बसायचं. एकेक फट तारेनं कोरायची. पाणी लागलं की तो वाळलेला वास पुन्हा जिवंत व्हायचा. कुजलेला, आंबट, गोडसर. तो केसांत बसायचा. शिकेकाईनं जायचा नाही.

हे काम दोघी करायचो. मी आणि सुमनमावशी. मावशी मोशीची, जुन्या घरातली. एकेकाळी तिच्या सासरची नदीकाठी शेती होती, आता त्यावर इमारती आहेत. आम्ही एकाच बाकावर डबा खायचो. पण माझ्या डब्यातलं ती कधी घ्यायची नाही. "आज उपास हाय गं," म्हणायची. मावशीचे उपास फार असायचे. तिच्या स्वतःच्या डब्यात तेव्हा कालवण-भाकरी असायची.

मी मुळात साफसफाईला लागलेच नव्हते. आयटीआयला वेल्डर ट्रेड केला होता. वर्गात आम्ही मुली कमी होतो, पण माझा वेल्डिंगचा टाका सरळ यायचा, सर तो फिरवून सगळ्यांना दाखवायचे. साहेबांच्या केबिनमध्ये मी सर्टिफिकेट ठेवलं. साहेबांनी ते बघितलं नाही. आधी नाव विचारलं. मग पूर्ण नाव. मग मूळ गाव. मग आई काय काम करते ते. मग म्हणाले, "गावात घर कुठल्या बाजूला?"

मी सांगितलं. लपवायचं काय होतं त्यात.

"बरं," साहेब म्हणाले. "सध्या क्लीनिंगला बस. वेल्डिंगचं मग बघू."

ते 'सध्या' संपलंच नाही. माझ्यानंतर साहेबांच्या गावाकडचा एक मुलगा आला. त्यानं आयटीआय केलेला नव्हता. त्याला थेट वेल्डिंगला बसवलं, शिकेल हळूहळू म्हणून. त्याचे टाके बघून माझे हात शिवशिवायचे. एकदा धीर करून विचारलं. साहेब चिडले नाहीत. उलट मायेनं बोलले.

"अगं, तुझ्यासारखी क्लीनिंग कुणाला जमत नाही. बाकीच्यांना उलट्या होतात. तुमच्या लोकांना घाणीचा त्रास होत नाही. कौतुकानंच सांगतोय."

मला त्रास होत होता. मी शॉपच्या मागे जाऊन उलटी करायचे आणि तोंड धुऊन यायचे. पण त्या माणसाला ते खरंच वाटत होतं. आपण हिला शाबासकी देतोय असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तो चेहरा मला त्या बास्केटपेक्षा घाण वाटला.

घरी मी हे सांगितलं नव्हतं. घरी फक्त माय. आम्ही मराठवाड्यातून आलो तेव्हापासून माय भोसरीच्या एका कंपनीत संडास धुते. ठेकेदार बदलले, माय तीच. तिच्या बोटांच्या बेचक्यांत अ‍ॅसिडनं कायमच्या चिरा पडल्यात. ती चाळीतल्या बायकांना सांगायची, "माझी लेक वेल्डर हाय. डोळ्याला काळी काच लावती." तिच्या तोंडचं तेवढं एक वाक्य काढून घ्यायचं मला जमलं नाही.

खंडेनवमीला शॉपमध्ये मशीनची पूजा असते. त्या वर्षी साहेबांनी सगळ्यांना घरच्यांना घेऊन या म्हणून सांगितलं. जेवण होतं. आम्ही पूजाअर्चा करत नाही, पण माय म्हणाली, "पूजा त्यांची ते करतील. मला तुझी मशीन बघायची."

दुसऱ्या दिवशीच्या विहारातल्या कार्यक्रमासाठी तिनं पांढरं लुगडं इस्त्री करून ठेवलं होतं. तेच एक दिवस आधी नेसली. केसांना तेल लावलं. रिक्षात बसताना लुगड्याला डाग लागू नये म्हणून सीटवर रुमाल पसरला. मी वाटेत तिला सांगणार होते. मशीन माझी नाही, मी घाण कोरते, असं. शॉपचं गेट आलं तरी तोंड उघडलं नाही.

आत सगळं झेंडूनं सजवलेलं. दुरुस्त केलेली बास्केटं धुऊनपुसून रांगेत उभी, प्रत्येकाला हार. माय त्यांच्याकडे बघतच राहिली. हात लावून म्हणाली, "किती बारीक काम हाय गं." साहेबांची बायको, मुलगी, भावजय खुर्च्यांवर बसल्या होत्या. मिलचे तेच मॅनेजर आले होते. मी मायला मागच्या खुर्चीवर बसवत होते तेवढ्यात साहेब हसत हसत आमच्याकडे आले.

"आई आल्या का? छान झालं," ते म्हणाले.

मायनं हात जोडले.

"तुम्ही कंपनीत टॉयलेटचंच बघता ना? आमचा माणूस आज आला नाही बघा. आणि पाहुणे यायला लागलेत. तेवढं मागचं एकदा मारून घ्या ना. दोन मिनिटांचं काम. तुमच्या लोकांचा हात चांगला असतो. हिचाच बघा की."

आणि त्यांनी भिंतीला टेकवलेला झाडू उचलून मायच्या हातात दिला. मला कधीही हातात काही न देणारा माणूस. माझा पगाराचा कागदसुद्धा टेबलावर ठेवायचा, मी उचलायचा. झाडू मात्र हातात दिला.

मायनं झाडू घेतला. तिनं पदर कमरेला खोचला, पांढऱ्या लुगड्याच्या निऱ्या वर घेतल्या आणि मागच्या दाराकडे निघाली. इतक्या पटकन. जणू ती त्यासाठीच आली होती. मला पुढं ढकललं ते त्या पटकनपणानं. साहेबांच्या बोलण्यानं नाही, मायच्या त्या पायांनी. आयुष्यभर कुणीतरी असा हात पुढे केला आणि ही अशीच निघाली. मीही अशीच निघत होते. रोज. तार घेऊन.

"माय, थांब."

ती थांबली नाही. मी पुढे जाऊन झाडू धरला. ती सोडेना. "जाऊ दे गं, लोकं बघायलेत," ती कुजबुजली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. त्या चिरा माझ्या हाताला लागल्या. झाडू घेऊन मी साहेबांसमोर आले.

"साहेब, माय पाहुणी म्हणून आलीये."

"अगं, मग काय झालं? कामाची कसली लाज?"

"मॅडमही पाहुण्या म्हणूनच आल्यात. त्यांना द्या."

मॅडमनी मुलीचा हात धरला, मी तिला मारायलाच आल्यासारखा. साहेबांच्या तोंडावर हसू तसंच होतं, काढायला विसरल्यासारखं.

"काय बोललीस?"

"झाडू मॅडमना द्या म्हणाले. लाज नाही ना कामाची?"

मग ते हसू गेलं. ते मॅनेजरांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "बघा. किती करा यांच्यासाठी. शेवटी जातीवर गेलीच."

मी झाडू त्यांच्या पायाशी ठेवला. फेकला नाही. फेकला असता तर तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं. मायचा हात धरला आणि बाहेर पडले.

तुम्हाला वाटेल, मायनं मला जवळ घेतलं असेल. नाही. ती रस्ताभर भांडली. "दोन मिंटाचं काम व्हतं. नोकरी घालवलीस. काहून तोंड चालवायचं मोठ्या माणसाम्होरं?" आणि मग घराजवळ आल्यावर, माझ्याकडे न बघता, "तू वेल्डिंग करत न्हाईस ना?"

"नाही."

ती आत गेली. पांढरं लुगडं घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी विहारात जुनं नेसून गेली.

मी चौकीत गेले. हवालदारांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "जातीचं नाव घेतलं का त्यांनी?"

"जातीवर गेली म्हणाले. सगळ्यांसमोर."

"ते ऐकलं. नाव घेतलं का, नाव? कोणती जात ते?"

"नाव घ्यायची गरज नव्हती. तिथं सगळ्यांना माहीत होतं."

"मग अवघड आहे ताई. साक्षीदार कोण आहे?"

मी शॉपमधल्या सगळ्यांची नावं सांगितली. एकही आला नाही. सुमनमावशीच्या घरी मी स्वतः गेले. ती दारातच उभी राहिली. "आमी पूजेच्या तिथं व्हतो. मला काय बी ऐकू आलं न्हाई बग." पूजेच्या दिवशी ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती. मी तिला आठवण करून दिली नाही. नुसती बघत राहिले. तिनं दार लोटून घेतलं.

मी चौकीत पुन्हा गेले. पुन्हा पुन्हा गेले. वस्तीतला एक वकील सोबत आला तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली. तीही मी बोलले तशी नाही. "किरकोळ वादातून" असं त्यांनी सुरुवातीला लिहिलं होतं. मी सही केली नाही. किरकोळ शब्द खोडायला लावला, मग सही केली.

मधल्या काळात काम शोधलं. चाकणकडे एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागले, ठेक्यावर. तिथंही आधी पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, आणि पाठोपाठ म्हटलं, "मी वेल्डर आहे. टाका मारून दाखवते. झाडू मारणार नाही." तो माणूस दचकला. पण वेल्डिंगची टॉर्च दिली. पहिले काही दिवस सवय गेलेली होती. टाका वाकडा आला. आता येतो ठीक.

आणि एक दिवस सुमनमावशी मोशीच्या भाजीबाजारात भेटली. मला शोधतच आली असावी. इकडंतिकडं बघून म्हणाली, "सायेबांनी निरोप दिलाय. वेल्डिंगला बसवत्यात तुला. पर्मनंट. फकस्त ते तक्रारीचं मिटव म्हनत्यात."

मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

वेल्डिंग. त्यासाठी मी काय काय गिळलं होतं. किती वेळा केबिनच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले होते. आणि आता ते भाजीच्या पाटीपाशी निरोपातून येत होतं. म्हणजे जमत होतं. सगळा काळ जमत होतं. जागा होती, टॉर्च होती, मी होते. त्याला फक्त द्यायचं नव्हतं. मला तिथंच ओकारी आली. आनंद नाही, समाधान नाही. ओकारी.

"सांगा त्यांना, येणार नाही. आणि तक्रार मागे घेणार नाही."

"अगं, मोठी मानसं ती. काय करनार तू त्यांचं? वरीसभर खेटं घालशील अन् गप बसशील."

"घालीन."

"आन् साक्षीला कोन येनार तुझ्या?"

"तुम्ही नाही आलात तरी तुमचं नाव दिलंय मी. तिथं येऊन ऐकू आलं नाही म्हणा. माझ्याकडे बघून म्हणा."

मावशीचा चेहरा उतरला. ती पिशवी उचलून निघून गेली.

मायला अजून पटत नाही. प्रकरण आता कोर्टात गेलंय; तारीख आली की ती म्हणते, "सोड आता, जिवाला घोर." मी तिला समजावत नाही. ती समजेल तेव्हा समजेल, न समजली तरी चालेल. मला त्या माणसाची माफी नको. त्याची नोकरी नको. माझ्या मायच्या हातात झाडू देताना त्याला काहीही वाटलं नाही. ते का वाटलं नाही, हे मला त्याला भरल्या कोर्टात विचारायचंय. वकील म्हणतात, असा प्रश्न कायद्यात बसत नाही.

बसवायला लावीन.