देशमुखाचं सोंग

आमी बहुरूपी. रोज नवं सोंग घिऊन दारोदार हिंडायचं, मग किस्से साठणारच! कपड्याला गोखरू चिकटावं तसे चिकटतात, कितीबी झटका. त्यातले निम्मे आमच्या दादारावमामाचे. त्याचं सोंग एवढं हुबेहूब, की मामी आधी आवाज ओळखायची अन् मगच दार उघडायची.

*

एकदा मामा अमीनसाहेब होऊन चकलांब्याला गेलता. अमीन म्हंजी निजामाच्या पोलिसातला मोठा अंमलदार. चावडीवरचा जवान ताडकन उठला, सलाम ठोकला. मामा गरजला, "आधी गुंड्या लाव बे!" त्यानं लावल्या. मग मामानं हात जोडले, "बहुरूपी हाय, मायबाप. बिदागी द्या."

जवान लाल झाला. "बिदागी ऱ्हाऊ दे! आधी माझा सलाम वापस दे!"

मामानं कडक सलाम ठोकला. दोघंबी खूष.

*

पालीला मामा वैदू झालता. एक म्हातारी खरोखरच पोट धरून आली. मामा घाबरला. "मावशे, म्या खोटा वैदू हाय. ह्या पुडीत नुसती राख हाय."

म्हातारी तिथंच बसली. "दे बाबा तुझीच पुडी. खरे वैदू कवाच असं सांगत न्हाईत!"

*

मामी काय कमी न्हवती. एकदा मामा गोसावी होऊन आपल्याच दारात उभा राहिला, "माई, संसार खोटा हाय!"

मामी आतूनच म्हनली, "खोटा तर खोटा. पर जवारी सरली हाय, तेवढी घिऊन या!"

*

आता सुंद्राच्या लगनाचं सांगतो. सुंद्रा मामाची एकुलती लेक. दिंद्रुडचं स्थळ आलं. जात आमचीच, पर त्या व्याह्यानं गाव बदललेलं, शेती धरलेली, सोंगाचं नावबी काढत नसे. पोरगा लई गुणी, सुंद्राच्या मनात भरलेला. व्याह्याची अट एकच : "मांडवात बडी मान्सं येनार हायत. तुमी देशमुख होऊन या. बहुरूपी म्हनून कळलं, तर लगीन मोडलं समजा."

मामी हातापाया पडली. "आवं, इतके देशमुख झालाव. लेकीसाठी अजून एक!"

"होतो की," मामा म्हनला. "पर सोंग घेतलं की शेवटाला सांगावं लागतंय. न सांगता निघालं तर ती चोरी."

मला त्याचा लई राग आला. लेकीपरीस सोंग मोठं व्हय?

मांडवात मामा असा आला, की दिंद्रुडची बडी मंडळी उठून उभी ऱ्हायली. पाटलानं स्वतःचा लोड त्याच्याकडं सरकवला. व्याही नुसता फुललेला. अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, मंगलाष्टक सुरू झालं. तवा मामा हळूच उठला, व्याह्यापुढं गेला अन् डोईचा फेटा काढून त्याचीच झोळी केली.

"बहुरूपी आलाय, मायबाप. बिदागी द्या."

मंगलाष्टक मधीच तुटलं. अक्षता मुठीत तशाच. व्याह्याचं तोंड पांढरंफट्ट पडलं.

तेवढ्यात व्याह्याची म्हातारी आई काठी टेकत उठली. मामाला खालून वर न्याहाळलं अन् आधी मांडवाला, मग पोराला म्हनली,

"बघत काय बसलाव, टाका की अक्षता! अन् तू बिदागी दे रे. तुझ्या बापाला जल्मात असा देशमुख वठला न्हाई!"