तलवारीसाठी दिलेलं लुगडं

मी अकरावीत होतो त्या दिवाळीच्या सुट्टीत, पहिल्याच दुपारी, माझ्या धाकट्या बहिणीचा घात झाला आणि तो दादानं केला. साडीवर खडे चिकटवायच्या गोंदाचा वास आला की डिंडोलीतली आमची ती खोली आठवते. महिनाभर खेळून बहिणीनं मोबाईलवरच्या खेळातल्या आपल्या लढवय्या बाईला आईसारखं हिरवं लुगडं मिळवलं होतं. दादानं तिला न विचारता खेळात ते देऊन बदल्यात तलवार घेतली. "रडते काय येडे, कपड्यानं ताकद वाढते का?" खडे लावणारी आई थांबली. "मंग मी दिनभर ह्या खडा कसाले लावस रे?" दादा हसला. मीही हसलो, ते आजही टोचतं. घरातल्या मुलीच्या खेळाला हात लावण्याआधी तिला विचारा.